हिशेबाची वही कुणाच्या हाती?

महाशिवरात्रीला प्रतापगडच्या पहाडीवर माणसांची रीघ लागते. हा साताऱ्याचा प्रतापगड नव्हे. गोंदिया जिल्ह्याच्या दक्षिण भागात, अर्जुनी मोरगाव तालुक्यात, इटियाडोह धरण आणि नवेगावबांधचं जंगल यांच्या शेजारी हे गाव आहे. पहाडीवर महादेव आहे, जुन्या किल्ल्याच्या खुणा आहेत आणि ख्वाजा उस्मान गनी हारुनी यांचा दर्गाही आहे. दोन्हीकडे जाणारी माणसं एकाच यात्रेत मिसळतात. जिथं यात्रा तिथं बाजार आलाच. सूप विणणारा, मडकी घडवणारा, मासोळी धरणारा, मोहफूल वेचणारा, भाताची शेती करणारा असा सगळा मुलूख या बाजाराच्या भोवती राहतो.

या सगळ्यांना मी उद्योजक म्हणतो. त्यांना तसं म्हणायची आपल्याला सवय नाही. केंद्र सरकारनं १ एप्रिल २०२५ पासून उद्योगांच्या व्याख्या बदलल्या. यंत्रसामग्रीत अडीच कोटींपर्यंत गुंतवणूक आणि दहा कोटींपर्यंत उलाढाल असेल तर उद्योग 'सूक्ष्म' ठरतो. पंचवीस आणि शंभर कोटींपर्यंत 'लघु', सव्वाशे आणि पाचशे कोटींपर्यंत 'मध्यम'. बांबूच्या दहा काड्या आणि एक विळा एवढंच ज्या बाईचं भांडवल, तीही याच सूक्ष्म गटात आणि दोन कोटींचं यंत्र बसवणारा गिरणीवालाही त्यातच. कागदावर दोघं शेजारी बसतात. प्रत्यक्षात गिरणीवाल्याकडे हिशेब लिहायला मुनीम असतो, विवरणपत्र भरायला चार्टर्ड अकाउंटंट असतो. त्या बाईचा हिशेब तोंडी असतो, आणि तिच्या मालाचा भाव दुसराच कुणी तरी सांगतो.

शिक्षण वाढलं की लहान उद्योग वाढतो, असं आपण धरून चालतो. गोंदिया जिल्ह्याचा इतिहास पाहिला तर तसं सरळ दिसत नाही. इथं आधी उद्योग वाढला, त्या उद्योगाच्या पैशातून शाळा-महाविद्यालयं उभी राहिली, आणि त्या शाळांतून शिकलेली मुलं उद्योगापासून दूर गेली. का गेली, हे समजून घ्यायचं तर सुरुवात बिडीपासून करावी लागते.

*

गोंदिया हे रेल्वेनं घडवलेलं शहर. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी बंगाल-नागपूर रेल्वे आली, जंक्शन झालं, आणि चहूकडच्या जंगलातला माल इथं उतरू लागला. लाख, मोह, तेंदूपान. भोवतीच्या भातामुळे तांदळाच्या गिरण्या आल्या, तेंदूपानामुळे बिडीचे कारखाने. कारखाना म्हणायचं, पण बिडी वळली जायची ती मुख्यतः घराघरांत. ठेकेदारानं पान आणि तंबाखू मोजून द्यायचा, बाईनं सुपात घेऊन ओसरीवर बसायचं, हजार बिड्यांवर मजुरी ठरायची, आणि नापास करून बाजूला टाकलेल्या बिड्यांचा भुर्दंड तिच्याच माथी पडायचा. १९६६ साली बिडी कामगारांसाठी वेगळा कायदा झाला, १९७६ साली कल्याण निधीचा कायदा आला, त्या निधीतून कामगारांच्या मुलांना शिष्यवृत्त्या मिळू लागल्या. कायदे चांगले होते. ते लागू व्हायला मात्र आधी कामगार म्हणून नाव कुणाच्या तरी वहीत लागायला हवं होतं.

या धंद्यातून मनोहरभाई पटेल मोठे झाले. १९०६ चा जन्म, मूळ गुजरातचे, लहान वयात गोंदियात आलेले आणि स्वतः फारसं शिकू न शकलेले. पुढे आमदार झाले. १९५८ साली गोंदिया शिक्षण संस्था स्थापन झाली. तेव्हाच्या भंडारा जिल्ह्यात एकाच दिवशी बावीस हायस्कुलं उघडली, असं इथले जुने लोक आजही अभिमानानं सांगतात. गोंदियातलं धोटे बंधू विज्ञान महाविद्यालय याच संस्थेचं. १९८३ साली मनोहरभाईंच्याच नावानं अभियांत्रिकी महाविद्यालय निघालं. इटियाडोह धरणामागेही मनोहरभाईंचा पाठपुरावा होता, अशी नोंद या भागाच्या आठवणीत पक्की आहे. गाढवी नदीवरच्या त्या धरणानं अर्जुनी मोरगाव आणि लगतच्या वडसा-आरमोरी भागातल्या भाताला पाणी दिलं. ज्याला शाळा मिळाली नाही त्या माणसानं जंगलातल्या मुलखात शाळा पोचवल्या, ही साधी गोष्ट नाही. त्या शाळा नसत्या तर या जिल्ह्यातून आज शिक्षक, तलाठी, परिचारिका, अभियंते झालेले कितीतरी जण बिडीच्या सुपाशीच राहिले असते.

पण त्या शाळांत काय शिकवलं गेलं? जे पुण्या-मुंबईच्या शाळांत शिकवलं जात होतं तेच. फळ्यावर सरळव्याज होतं, आणि घरी आईनं सावकाराकडून घेतलेल्या पैशाचं व्याज ठेकेदाराच्या तोंडी हिशेबात होतं. दोन्ही एकच आहेत हे मुलाला कुणी सांगितलं नाही. वनस्पतिशास्त्रात जास्वंदीचं फूल होतं; ज्या झाडाच्या पानावर वर्गातल्या निम्म्या घरांचा उन्हाळा निघायचा ते तेंदू नव्हतं. शिकायचं ते या कामातून सुटण्यासाठी, हा धडा कुठल्याही पुस्तकात छापलेला नव्हता, तरी सगळ्यांना पाठ होता. त्यात मुलांचा दोष नाही, आईबापांचा तर नाहीच. ज्या कामानं पाठ मोडते त्या कामात लेकरानं पडू नये असं वाटणं हे मायेचंच आहे. मात्र त्यामुळे धंदा आणि अक्षरओळख यांची फारकत झाली. कष्ट गावात राहिले आणि वही गावाबाहेर गेली.

*

तेंदूपानाचा हंगाम मे महिन्याच्या आसपास असतो, जेमतेम काही आठवड्यांचा. पहाटे अंधारात निघायचं, ऊन चढायच्या आत पानं तोडून आणायची, दुपारभर घरातल्या सगळ्यांनी बसून पुडे बांधायचे. महाराष्ट्रात सत्तर पानांचा एक पुडा आणि हजार पुड्यांची एक प्रमाण गोणी. म्हणजे एका गोणीत सत्तर हजार पानं, आणि त्यातलं प्रत्येक पान कुणाच्या तरी बोटांनी खुडलेलं. संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, पुडे मोजून द्यायचे. मुनशी वहीत आकडा टाकणार. शेकड्यामागे काही पुडे जादा मागून घ्यायची रीत कितीतरी ठिकाणी होती, आणि त्या जादा पुड्यांचं नाव कुठल्याच रकान्यात नसायचं.

१९६९ च्या कायद्यानं महाराष्ट्रात वनोपजाच्या व्यापारावर सरकारचं नियंत्रण आलं. वनविभाग जंगलाचे घटक पाडून लिलाव करी, कंत्राटदार घेई, तोडणाऱ्याला मजुरी मिळे. नंतर बोनसही मिळू लागला. या साखळीत तोडणारा माणूस मजूरच होता. २००६ च्या वनहक्क कायद्यानं त्याला पहिल्यांदा मालक म्हटलं. सामूहिक वनहक्क मिळालेल्या ग्रामसभेला गौण वनोपज स्वतः विकता येऊ लागलं. शेजारच्या गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाला २००९ साली हा हक्क मिळाला आणि २७ एप्रिल २०११ रोजी बांबूच्या वाहतूक परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती आलं. तेव्हा ती बातमी देशभर गाजली. त्यामागची पंचवीस-तीस वर्षांची तयारी मात्र फारशी कुणी पाहिली नाही. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्या पुढाकारानं मेंढ्यात अभ्यासगट चालत. दारूबंदी असो, जंगल असो, कायदा असो, विषय घ्यायचा, सगळ्यांनी बसून समजून घ्यायचा, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं पण निर्णय त्याच्यावर सोडायचा नाही. निर्णय सर्वसहमतीनं ग्रामसभेत. माझ्या मते विदर्भातल्या लघुउद्योगाच्या शिक्षणाचा हा सर्वांत मोलाचा वर्ग आहे. त्याला इमारत नव्हती आणि परीक्षाही नव्हती.

गोंदिया जिल्ह्यात हे लोण आलं ते तेंदूच्या वाटेनं. २०१३ च्या हंगामात गोंदिया आणि गडचिरोली जिल्ह्यांतल्या काही ग्रामसभांनी वनविभागाच्या लिलावाबाहेर पडून एकत्र येऊन स्वतः तेंदू विकायचं ठरवलं. नागपूरच्या विदर्भ निसर्ग संरक्षण संस्थेनं त्यांना साथ दिली. आता विचार करा, या निर्णयासाठी गावाला काय काय यायला हवं होतं. निविदेची जाहिरात द्यायची. आलेल्या दरांची तुलना करायची. करारनामा वाचायचा आणि त्यात हप्ते कधी, किती, चुकले तर काय, हे लिहून घ्यायचं. बँकेत ग्रामसभेचं खातं काढायचं, पॅन काढायचं. फळीवर रोजची आवक लिहायची, गोण्या भरायच्या, वाहतुकीचा परवाना द्यायचा, मजुरी किती आणि स्वामित्वधन किती याची विभागणी करायची, आणि शेवटी सगळा हिशेब सगळ्या गावापुढे मांडायचा. एवढी कामं एखाद्या मध्यम कंपनीला वेगवेगळ्या चार विभागांत वाटून घ्यावी लागतात. इथं ती सातवी-दहावी झालेल्या पोरांनी आणि बायांनी केली.

सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. २०१७ साली तेंदूचे भाव चढले, गडचिरोलीत गावागावांत मोठे आकडे बोलले गेले. त्याच वर्षी जुलैत जीएसटी आला, तेंदूपानावर १८ टक्के आणि बिडीवर २८ टक्के. पुढच्या हंगामात भाव कोसळले. काही कंत्राटदारांनी पैसे थकवले. ज्या ग्रामसभांनी करारात आगाऊ रक्कम आणि हप्त्यांच्या तारखा घट्ट बांधल्या होत्या त्यांचं नुकसान आवाक्यात राहू शकलं. ज्यांनी केवळ सर्वांत मोठा दर पाहून सही केली त्यांच्या हाती कागद उरला. गावाला हक्क कायद्यानं मिळतो. तो हक्क बाजारात टिकवायला करारातलं कलम वाचता यावं लागतं, आणि ते शिकवणारा वर्ग आपल्या शाळेत अजूनही नाही.

शिक्षणाचा दुसरा उपयोग चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावनं दाखवला. गोंडपिपरी तालुक्यातल्या या गावाला २०१२ साली सामूहिक वनहक्क मिळाला. बांबूच्या विक्रीतून त्यांनी गावातच रोजगार उभा केला, आणि मग एकत्र बसून ठरवलं की तेंदूपान तोडायचं नाही. नवी पालवी यावी म्हणून झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात, आणि फळ धरत नाही. ते फळ पोरांना आणि पाखरांना खायला राहू दे. हातात येणारा पैसा नाकारण्याइतका पक्का हिशेब ज्या गावाला करता येतो, ते गाव शिकलेलं आहे असं मी बेलाशक म्हणेन.

*

प्रतापगडचा शेजार आणखी एका अर्थानं आगळा आहे. गोठणगाव-प्रतापगडच्या परिसरात १९७२ पासून तिबेटी निर्वासितांची वसाहत आहे, नॉरग्येलिंग. १९५९ नंतर भारतात आलेल्या तिबेटी लोकांना देशभर जिथं जिथं जमीन मिळाली त्यातली महाराष्ट्रातली जागा ही. बर्फाळ पठारावरून आलेल्या माणसांनी विदर्भाच्या उन्हात भात पिकवायला सुरुवात केली. पण त्यांच्या संसाराचा मोठा आधार शेतीइतकाच हिवाळ्यातला स्वेटरचा धंदा राहिला. ऑक्टोबर लागला की कुटुंबं बाहेर पडतात, शहरांत रस्त्याकडेला किंवा ठरलेल्या मैदानात दुकानं मांडतात, आणि थंडी ओसरली की परततात. नागपुरात हिवाळ्यात भरणारा तिबेटी बाजार कुणाला माहीत नाही?

हा माल येतो मुख्यतः लुधियानाहून, आणि बहुतेक उधारीवर. हंगामाआधी कारखानदार माल देतो, हंगाम संपला की पैसे चुकते होतात. ज्यांच्याकडे तारण ठेवायला स्वतःच्या नावची जमीन नाही अशा माणसांना ही पत कशी मिळाली? व्यापाऱ्यांच्या संघटनेमुळे. एकानं बुडवलं तर सगळ्यांची पत जाते, हे सगळ्यांना ठाऊक असतं. कुणी किती माल उचलावा, कुठल्या शहरात किती दुकानं असावीत, हे आपसात ठरतं. पहिल्या पिढीतले कितीतरी जण शाळेत गेलेले नव्हते. त्यांनी हिंदी शिकली, मराठी शिकली, आणि भाव, उधारी, परतफेड हे एकमेकांकडून शिकून घेतलं.

त्यांच्या मुलांना शाळा मिळाली, आणि चांगली मिळाली. तिबेटी मुलांच्या शाळांसाठी केंद्र सरकारनं १९६१ सालीच स्वतंत्र प्रशासन नेमलं होतं. मुलं शिकली आणि बंगळुरूला, दिल्लीला, युरोप-अमेरिकेला गेली. वसाहतींत वयस्कर माणसं राहिली. आपल्या गोंड, कोहळी, ढिवर शेजाऱ्यांच्या घरातही तेच झालं. भाषा वेगळी, धर्म वेगळा, पण शाळेनं दोघांच्या मुलांना एकाच दिशेनं पाठवलं. म्हणून मी याला एखाद्या समाजाच्या आळसाचा किंवा मागासपणाचा प्रश्न मानत नाही. शिक्षण ज्या घडणीनं दिलं जातं, त्या घडणीचा हा प्रश्न आहे.

*

आता तलावांकडे वळू. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या चार जिल्ह्यांत मिळून सहा हजारांहून अधिक माजी मालगुजारी तलाव आहेत. लोक त्यांना 'मामा तलाव' म्हणतात. गोंड राजांच्या काळापासून कोहळी समाजानं ते बांधले. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी यांनी बांधला असं परंपरा सांगते. १९५० च्या कायद्यानं मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले, आणि देखभालीची जुनी व्यवस्था विस्कटली.

या तलावांवर ढिवर समाज जगतो. तलाव लिजवर घ्यायचा तो मच्छीमार सहकारी संस्थेनं. संस्था म्हटली की सभासदांची यादी, इतिवृत्त, लेखापरीक्षण, लिजची रक्कम आणि निवडणूक आली. जाळं टाकणाऱ्या हातांना यातलं बहुतेक परकं. मत्स्यबीज कोणतं सोडायचं हेही वरून ठरायचं: रोहू, कटला, मृगळ. ते वाढतात चांगले, विकतातही चांगले; पण स्थानिक मासोळ्या मागे पडल्या, बेशरमची झाडं तलावात माजली, पाणवनस्पती गेल्या, आणि त्यांच्या आश्रयानं वाढणारी मासोळीही गेली.

अर्जुनी मोरगावात मनीष राजनकर यांनी 'भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ' या संस्थेतून ढिवरांबरोबर याच प्रश्नावर वर्षानुवर्षं काम केलं. त्या कामाची रीत मला फार महत्त्वाची वाटते. तलावाचं ज्ञान कुणाकडे आहे, तर म्हाताऱ्या ढिवरांकडे. कुठली वनस्पती कुठल्या खोलीवर उगवते, कुठला मासा कुठे अंडी घालतो, हे त्यांनी सांगायचं आणि शिकलेल्यांनी ते लिहून काढायचं. मग बेशरम उपटून काढायचं, तळ नांगरायचा, स्थानिक पाणवनस्पती पुन्हा लावायच्या आणि देशी मासे सोडायचे. बायांचे बचतगट या कामात उतरले. मासे विकणं बायांच्याच हातात असे, पण संस्थेच्या सभेत त्या नसत. आता काही गावांत त्या तलावाबद्दल बोलतात आणि त्यांचं ऐकलं जातं.

या भागाला अशा शिक्षणाची जुनी सवय आहे. मारुती चितमपल्ली वनाधिकारी म्हणून नवेगावबांधला होते तेव्हा माधवराव पाटील डोंगरवार यांच्याकडून ते जंगल आणि तलाव शिकले, आणि ते त्यांनी मोकळ्या मनानं लिहिलं. अधिकारी शिष्य झाला, गावचा पाटील गुरू झाला. मराठी वाचकांनी त्या पुस्तकांवर प्रेम केलं, पण त्यातली शिकण्याची रीत आपल्या शाळांनी उचलली नाही.

झाडीपट्टीतल्या, म्हणजे याच चार जिल्ह्यांच्या मुलखातल्या, आणखी एका धंद्याचा उल्लेख दिवाळी अंकात करायलाच हवा, कारण दिवाळी सरली की त्याचाच मोसम सुरू होतो. भाऊबीजेनंतर गावोगावी मंडई भरते आणि रात्री नाटक लागतं. वडशात नाट्यकंपन्यांची कार्यालयं आहेत. मार्चपर्यंत हा हंगाम चालतो. नट, नेपथ्य, ध्वनी, प्रकाश, गाडीवाले, जाहिरातीचे फलक रंगवणारे अशी कितीतरी घरं त्यावर चालतात. परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली ती या रंगभूमीसाठी. गावातलं तरुण मंडळ कंपनीशी करार करतं, आगाऊ रक्कम भरतं, तिकिटं विकतं, नफा-तोटा सोसतं. एका रात्रीच्या नाटकात ही पोरं अंदाजपत्रक शिकतात. वाणिज्य शाखेच्या मार्कांत ते कुठे धरलं जातं?

*

शाळा आणि धंदा यांची फारकत हे काही नवं दुखणं नाही. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी निवेदन दिलं त्यात प्राथमिक शाळांसाठी मोडी आणि बालबोध वाचन-लेखन, हिशेब, शेतीची तोंडओळख, आरोग्य असा अभ्यासक्रम सुचवला होता, आणि चालू उच्च शिक्षण व्यवहाराला उपयोगी पडत नाही अशी तक्रारही केली होती. हे फुले निव्वळ विचारवंत म्हणून बोलत नव्हते. ते स्वतः बांधकामाचे कंत्राटदार होते, धंद्यातला हिशेब त्यांना रोजचा होता. शेतकऱ्याच्या पोरासाठी त्यांनी हिशेब का मागितला, ते तेंदूच्या फळीवर उभं राहिलं की कळतं.

पुढे ऑक्टोबर १९३७ मध्ये वर्ध्यात शिक्षण परिषद भरली आणि नई तालीम मांडली गेली: हातकामातून शिक्षण. गोंदियाहून वर्धा काही दूर नाही. पण स्वातंत्र्यानंतर ती कल्पना बहुतेक ठिकाणी टकळीच्या तासापुरती उरली. हातकाम आलं, बाजार आला नाही. विकायची वेळ आली की हिशेब लागतो, आणि तो कुणी शिकवला नाही.

तो जोडला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी. अमेरिकेत डॉक्टरेट केलेले, हिंदुस्तान लिव्हरमध्ये संशोधन करणारे कलबाग १९८३ साली पुणे जिल्ह्यातल्या पाबळ या दुष्काळी गावी जाऊन राहिले आणि तिथं विज्ञान आश्रम काढला. शाळेतून गळालेली मुलं तिथं वेल्डिंग, बांधकाम, शेती, वीजकाम, अन्नप्रक्रिया शिकत आणि शिकता शिकता गावाला सेवा विकत. गेट बनवायचं तर लोखंड किती, मजुरी किती, विजेचा खर्च किती, भाव काय लावायचा, हे सगळं त्या गेटबरोबरच शिकायचं. आठवी ते दहावीच्या शाळांसाठीही त्यांनी असाच मूलभूत तंत्रज्ञानाचा अभ्यासक्रम तयार केला. २००३ साली ते गेले, आश्रम चालू आहे. महाराष्ट्रातल्या मोजक्या शाळांनी हा विषय घेतला. बाकीच्यांना शिक्षक नाही, जागा नाही, निधी नाही.

सरकारी योजनांची मात्र कमतरता नाही. पंतप्रधान रोजगार निर्मिती कार्यक्रमात ग्रामीण भागातल्या प्रकल्पाला २५ ते ३५ टक्के अनुदान आहे, आणि उत्पादनाचा प्रकल्प दहा लाखांच्या वर, सेवेचा पाच लाखांच्या वर असेल तर अर्जदार आठवी पास लागतो. विश्वकर्मा योजना १७ सप्टेंबर २०२३ ला सुरू झाली. तिच्या अठरा व्यवसायांत मासेमारीची जाळी विणणारेही आहेत आणि टोपल्या-झाडू बनवणारेही. पाच-सात दिवसांचं प्रशिक्षण, अवजारांसाठी पंधरा हजार, पाच टक्के व्याजानं आधी एक लाख, मग दोन लाख कर्ज. चांगलंच आहे. पण आठवी पास झालेल्या मुलाला प्रकल्प अहवाल लिहिता येतो का? तो लिहून देणारा माणूस तालुक्याला बसलेला असतो, त्याचे पैसे वेगळे. अहवालातली आकडेमोड त्याची, कर्जाचा हप्ता मुलाचा. टोपली विणणाऱ्याला पाच दिवसांत टोपली विणायला शिकवणं हा त्याचा अपमान आहे. त्याला दर काढायला, बिल करायला आणि दूरचं गिऱ्हाईक धरायला शिकवा.

भाताचंच बघा. या तालुक्यात घरोघर भात आहे. खरेदी केंद्रावर धानात १७ टक्क्यांपर्यंत ओलावा चालतो. सरकारी भरडाईत एक क्विंटल धानामागे साधा तांदूळ ६७ किलो द्यावा लागतो, उकडा असेल तर ६८. उरलेल्यात तूस, कोंडा आणि कणी. तूस बॉयलरमध्ये जळतं, कोंड्याचं तेल निघतं, कणीला गिऱ्हाईक आहे. या चार-पाच वाक्यांत शेकडेवारी आहे, भौतिकशास्त्र आहे, रसायन आहे, आणि गोंदियाच्या गिरण्यांचं सगळं अर्थकारण आहे. आठवीच्या वर्गात एक ओलावामापक यंत्र आणि एक तराजू असेल तर महिनाभराचा अभ्यास होतो. मुलगा घरी जाऊन बापाला सांगेल, आज धान नेऊ नका, दोन दिवस वाळू द्या. शिक्षणाचा उपयोग बापाला इतका थेट दिसला तर शाळा गळतीची चिंता करायला समित्या नेमाव्या लागणार नाहीत.

मोहाचंही तसंच. २०२१ साली राज्य सरकारनं मोहफुलांचं संकलन आणि वाहतूक यांवरचे निर्बंध उठवले. मोहफूल वेचणाऱ्या बायांना ते वाळवून, साठवून, भाव चढल्यावर विकता आलं पाहिजे. त्यासाठी गोदाम लागतं, खेळतं भांडवल लागतं आणि चार महिने थांबलो तर व्याज जाऊन किती उरेल हे काढता यावं लागतं. पहिल्या दोन गोष्टी माविमचे (महिला आर्थिक विकास महामंडळाचे) आणि उमेद या राज्याच्या ग्रामीण जीवनोन्नती अभियानाचे बचतगट काही प्रमाणात देऊ शकतात. तिसरी शाळेनंच द्यायला हवी, आणि ती द्यायला तिला एक रुपयाही खर्च येत नाही.

२०२० च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दप्तराविना दहा दिवस सांगितले आहेत: गावातल्या सुताराकडे, माळ्याकडे, कुंभाराकडे जाऊन शिकण्याचे. हे दहा दिवस सहलीत आणि छायाचित्रांत जाऊ नयेत अशी माझी कळकळीची विनंती आहे. प्रतापगड-गोठणगावच्या शाळेनं त्यातले तीन दिवस तलावावर घालवावेत, दोन भाताच्या गिरणीत, एक तिबेटी वसाहतीतल्या व्यापाऱ्यांबरोबर उधारीचं गणित समजून घेण्यात. बारावी वाणिज्यच्या मुलांनी गावच्या मच्छीमार संस्थेचा ताळेबंद वाचावा आणि सभासदांना मराठीत समजावून सांगावा. अर्जुनी मोरगावात महाविद्यालय आहे. तिथल्या पदवीच्या मुलांना शेअर बाजारातल्या कंपन्यांचे अहवाल वाचायला लावता, तसेच एका ग्रामसभेचे पाच वर्षांचे तेंदू करार वाचायला लावा. प्राध्यापकांनाही त्यातून शिकायला मिळेल.

आणि जी मुलं शिकून बाहेर गेली आहेत, पुण्यात-नागपुरात हिशेब तपासतात, करार लिहितात, संगणकावर काम करतात, त्यांना माझं सांगणं आहे. गावाला देणगी पाठवता, मंदिराला पाठवता, ते पाठवा. पण निविदेच्या दिवसांत आठ दिवसांची सुट्टी घ्या आणि गावात जाऊन करारनामा वाचून द्या. कंत्राटदाराकडे वकील असतो. तुमच्या गावाकडे तुम्ही आहात.

तेंदूचा पुढचा हंगाम मे महिन्यात आहे. त्याआधी शाळेच्या मुख्याध्यापकांनी ग्रामसभेला पत्र लिहून फळीच्या वहीची एक प्रत मागावी. ग्रामसभेनं ती द्यावी, आणि गणिताच्या तासाला ती उघडावी.